एसएआर की सिग्मा-डेल्टा? उद्यमबागेतल्या दोन कामांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत एका शेडमध्ये काटा बसवायचा असतो, शेजारच्या शेडमध्ये लेथच्या स्पिंडलची थरथर मोजायची असते. एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) दोन्हीकडे लागतो, पण त्याच्या एसएआर आणि सिग्मा-डेल्टा या दोन जातींपैकी एकच दोन्हीकडे चालवायला जाऊ नका.

काट्याचं गणित बघा. लोडसेल (वजनाचं व्होल्टेज करणारा सेन्सर) 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा असेल, तर 5 व्होल्टवर पूर्ण भाराला जेमतेम 10 मिलिव्होल्ट मिळतात. एमसीपी3208 हा 12 बिटांचा एसएआर. 5 व्होल्टचे 4096 भाग, म्हणजे एक पायरी 1.22 मिलिव्होल्टची. पूर्ण भाराला आठच पायऱ्या! गुळाची ढेप असो की कास्टिंग, अशा काट्यावर कोण विश्वास ठेवणार? आधी ॲम्प्लिफायर जोडता येतो, पण मग खर्च आणि ड्रिफ्ट (आकडा हळूहळू सरकणं) दोन्ही आपल्या गळ्यात. सिग्मा-डेल्टा जातीच्या एचएक्स711 मध्ये सिग्नल 128 पट वाढवणारा गेन आतच आहे. (त्याचे 24 बिट मात्र खरे धरू नका, खालचे कित्येक नुसता नॉइज असतात.) सेकंदाला 10 नमुन्यांवर (म्हणजे 10 मोजमापांवर) ठेवला की मेन्सची 50 हर्ट्झची गुणगुणही बरीचशी गाळली जाते.

स्पिंडलकडे हा गडी कुचकामी. 80 नमुन्यांच्या वेगावरही 40 हर्ट्झच्या वरचं काही धड कळत नाही. तिथे एसएआरच. तराजूत निम्मी-निम्मी वजनं टाकत जावं, तसा तो बारा टप्प्यांत उत्तर देतो, 5 व्होल्टवर सेकंदाला 1 लाख वेळा. फक्त आधी अँटी-अलायझिंग फिल्टर (नमुन्यांच्या निम्म्या वेगावरची थरथर अडवणारा) घाला. एकाच चिपवर चॅनेल (इनपुट) बदलत राहायचं असेल तरीही एसएआरच घ्या: एचएक्स711 ला सेकंदाला 10 नमुन्यांच्या वेगावर स्थिरावायलाच 400 मिलिसेकंद लागतात.