कलम १६४ की १६६?
रस्ता ओलांडणाऱ्याला बाइकने उडवलं, पायाचं हाड मोडलं आणि बाइकवाला म्हणतो, ‘तोच मध्ये आला!’ मोटार वाहन कायद्यात इथे भरपाई मिळवायच्या दोन वाटा आहेत. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्धच करावं लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. १६६ खाली मात्र अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे बाइकवाल्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो: एफआयआर, पंचनामा, सीसीटीव्ही, साक्षीदार. पादचाऱ्याचीही चूक निघाली, तर तेवढी भरपाई कापतात. पण बुडालेली कमाई, पुढचे उपचार, कायमचं अपंगत्व सगळं मोजलं जातं. कमावत्याचा पाय अधू झाला असेल, तर मी १६६च सांगेन. साक्षीपुरावा अजिबात नसेल, तर १६४. विमा कंपनीने देऊ केलेली १६४ची रक्कम स्वीकारली, की १६६चा दावा संपतो. सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवाच.