रुगर पी-९५ सेकंडहँड घ्यावं का? बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

स्वस्तात पिस्तूल हवंय आणि दुकानातल्या वापरलेल्या मालाच्या कपाटात रुगर पी-९५ दिसलंय, घेऊ का, असं इथे अमेरिकेत ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. स्पेक्स माहीतच असतील, नऊ एमएम, ३.९ इंची बॅरल, पॉलिमरची म्हणजे प्लास्टिकची फ्रेम, १९९६ ला आलं आणि २०१३ ला कंपनीने बंद केलं. माझं डीकॉकरवालं आहे, म्हणजे वेगळी सेफ्टी नाही, बाजूचा खटका दाबला की हॅमर, म्हणजे मागचा ठोका देणारा भाग, सुरक्षित खाली येतो आणि सोडला की खटका आपोआप वर. तीनशे डॉलरच्या आत मिळालं, दोन मॅगझिन (गोळ्या भरायच्या डब्या) आणि एक कळकट प्लास्टिकचा डबा धरून. घरात ठेवायला आणि रेंजवर सरावाला हवं होतं, रोज कमरेला लावून फिरायचं नव्हतं, आणि नव्या पिस्तुलात दुप्पट पैसे घालण्यापेक्षा तेच गोळ्यांवर घालावेत असा माझा हिशोब होता.

घेताना सगळ्यात जास्त भीती फ्रेमची होती. याच्या फ्रेमच्या रेल्समध्ये धातूची पट्टी नाही, स्लाइड, म्हणजे गोळी उडाली की मागेपुढे सरकणारा वरचा भाग, सरळ पॉलिमरवर घासते, त्यामुळे इतक्या वर्षांनी ते झिजलं असेल तर काय करायचं. म्हणून आधी चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने तपासून मग दुकानदाराला विचारून तिथेच खोलून बघितलं. दोन्ही बाजूच्या रेल्स टॉर्च मारून बघितल्या, कुठे टवका नाही, चीर नाही, नुसती चकाकी आलेली. बॅरलमधून उजेड बघितला, खाचा स्वच्छ. हॅमर मागे ओढून त्याला अंगठ्याने पुढे रेटलं, निसटत नाही ना बघायला, मग डीकॉकर दाबून बघितला. एवढं करायला पाच मिनिटं लागतात आणि दुकानदार तोंड वाकडं करत असेल तर ते पिस्तूल तिथेच सोडून यावं.

ट्रिगरबद्दल आधी मला फार राग होता. पहिली गोळी डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगरच हॅमर मागे नेऊन सोडतो, त्यामुळे ओढ लांब आणि जड, आणि माझा हात लहान, त्यात ग्रिप चांगलीच जाड, बोट जेमतेम टेकतं. पहिली गोळी हमखास खाली डावीकडे जायची आणि पुढच्या सगळ्या सिंगल अ‍ॅक्शनवाल्या, हॅमर आधीच मागे असलेल्या, व्यवस्थित मधे. पहिल्या महिन्यात मी नवऱ्याला सांगून टाकलं होतं की हे विकू या. पण नंतर घरी रोज थोडा वेळ, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, स्नॅप कॅप (सरावाच्या खोट्या गोळ्या) घालून फक्त ती पहिली ओढ गिरवली आणि रेंजवर प्रत्येक गोळीनंतर डीकॉक करून प्रत्येक गोळी डबल अ‍ॅक्शननेच मारायची असं ठरवलं. आता मला ती ओढ आवडते. लांब आहे म्हणूनच घाबरून चुकून दाबली जाणार नाही असा विश्वास वाटतो, आणि घरात ठेवायच्या पिस्तुलात मला तेच हवंय.

आता मुख्य मुद्दा, मॅगझिन. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण माझे कितीतरी शनिवार यात गेले.

झालं असं की दुसऱ्यातिसऱ्या वेळेपासून पिस्तूल अडकायला लागलं. शेवटच्या दोनतीन गोळ्या राहिल्या की पुढच्या गोळीचं टोक खाली झुकायचं, फीड रॅम्पला, म्हणजे चेंबरकडे जाणाऱ्या उताराला, आदळून तिथेच बसायचं आणि स्लाइड अर्धवट उघडी राहायची. रेंजवर जो तो येऊन एकच सांगायचा, मॅडम तुमचं मनगट ढिलं पडतंय, घट्ट धरा. एकाने तर माझ्या हातातून घेऊन स्वतः मारून दाखवलं, त्याच्या हातात पूर्ण मॅगझिन सुरळीत गेलं आणि तो विजयी मुद्रेने निघून गेला. मला त्याचा आजही संताप येतो, कारण त्याने मारलं ते दुसरं मॅगझिन होतं! ढिल्या मनगटाने पिस्तूल अडकतं हे खरंच आहे, पण मग ते कुठल्याही गोळीला अडकेल, दर वेळी शेवटच्या दोनतीनलाच का?

शेवटी मी दोन्ही मॅगझिनच्या तळाला नेलपॉलिशने ठिपके दिले, एकाला एक, दुसऱ्याला दोन, आणि अडकलं की वहीत लिहायचं. सगळेच्या सगळे जॅम दोन ठिपकेवाल्याचे निघाले. एक ठिपका म्हणजे रुगरचं ओरिजिनल दहा गोळ्यांचं, त्याने एकदाही त्रास दिला नाही. दोन ठिपके म्हणजे कुठल्यातरी बाहेरच्या कंपनीचं पंधराचं. रिकामं करून बघितलं तर आतला फॉलोअर, म्हणजे गोळ्या वर ढकलणारी पट्टी, बोटाने दाबला की पुढून खाली तिरका व्हायचा, वरच्या दुमडलेल्या कडा डावीउजवीकडे सारख्या नव्हत्या, आणि शेवटची गोळी उडाल्यावर स्लाइड मागे अडकायला पाहिजे ती कधी अडकायची कधी नाही. त्या कंपनीला फोटोसकट मेल केला, उत्तर आलं की वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला, पावती पाठवा. सेकंडहँड पिस्तुलासोबत आलेल्या मॅगझिनची पावती कुठून आणायची? तीन मेल झाले, मग मीच नाद सोडला.

त्यानंतर मेक-गार या मॅगझिन बनवणाऱ्या कंपनीचं पंधराचं एक नवीन घेतलं आणि विषय मिटला, तेव्हापासून एकही जॅम नाही. दोन ठिपकेवालं फेकलं मात्र नाही, अडकलेली गोळी काढायचा सराव करायला ते फार उपयोगी आहे, बोट ट्रिगरपासून लांब, तोंड टार्गेटकडेच, मॅगझिन काढ, स्लाइड ओढ, बघ, परत भर.

ओरिजिनल मॅगझिन बऱ्याचदा दहाचं का मिळतं याचं कारणही सांगते. सप्टेंबर १९९४ ते सप्टेंबर २००४ या काळात इथे दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन सामान्य माणसाला विकायला केंद्रीय कायद्याने बंदी होती, आणि पी-९५ निम्मं आयुष्य त्याच काळात विकलं गेलं. म्हणून त्या वर्षांतल्या पिस्तुलांसोबत दहाचंच यायचं. पंधराचं हवं असेल तर रुगरच्याच पी-८५ आणि पी-८९ या आधीच्या मॉडेलांची मॅगझिन यालाही बसतात, त्यामुळे बंद झालेलं मॉडेल म्हणून घाबरायचं तेवढं कारण नाही, शोधलं की मिळतात. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर तिथे राज्याचीच दहाची मर्यादा आहे, मग हा प्रश्नच येत नाही.

खोलताना एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. स्लाइड मागे लॉक करून आधी आतला इजेक्टर, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी पट्टी, बोटाने खाली पाडायचा, मगच पिन काढून स्लाइड पुढे सरकवायची. परत जोडल्यावर रिकामं मॅगझिन आत घातलं की इजेक्टर आपोआप वर येतो. मॅन्युअल रुगरच्या साइटवर फुकट आहे, ते वाचून करा, जोर लावून ओढाओढ करू नका. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड परत पुढे ढकलणारी, मी आल्याआल्या बदलली, आधीच्या मालकाने किती वापरलंय ते कळायला मार्ग नाही आणि स्प्रिंग स्वस्त असते.

वजनाला साधारण पाऊण किलो, आकाराने ठोकळा, दिसायला अजिबात देखणं नाही. लपवून जवळ बाळगायला कोणी घेणार असेल तर मी नको म्हणेन. त्याच कपाटात कधी जुनं पी-८५ आणखी स्वस्त दिसतं. त्याच्या सुरुवातीच्या पिस्तुलांत फायरिंग पिन (गोळीच्या मागे आदळणारी सुई) तुटली असेल तर डीकॉक करताना गोळी उडण्याचा धोका होता आणि रुगरने ती परत बोलावून फुकट दुरुस्त केली होती. दुरुस्त झालेल्यावर सेफ्टीजवळ इंग्रजी आर कोरलेला असतो, तो बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणि आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, एच-वन-बी वगैरे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने पिस्तूल घेता येत नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्या, दुकानदाराच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्डवर चालतं. दुकानातून घेताना वय २१ पूर्ण लागतं, खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३ भरायचा आणि बॅकग्राउंड चेक. ऑनलाइन दुसऱ्या राज्यातून घेतलं तरी ते आपल्याच राज्यातल्या लायसन्सवाल्या दुकानात येतं आणि तिथे ट्रान्स्फरचे वेगळे पैसे घेतात. ते धरले नाहीत तर स्वस्तातलं पिस्तूल बघताबघता महाग होतं.

परवा मामेबहिणीने एका पी-८९ चे फोटो पाठवले, सगळ्या बाजूंनी, छान चकचकीत, दुकानदार सोबत तीन मॅगझिन देतोय म्हणाली. तिला कळवलंय, मॅगझिन रिकामी करून एकेकाचा तळाचा आणि वरून फॉलोअरचा फोटो पाठव, तोपर्यंत अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस.