मीटर बदलून देण्याच्या नावाखाली

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावी १९९८ सालची एक छोटी पेट्रोल कार आहे. मागच्या दिवाळीच्या सुमारास तिच्या मीटरमधील किलोमीटरचे आकडे ७८,४१२ वर थांबले. वेगाचा काटा मात्र पूर्वीसारखाच हलत होता. या एका लक्षणावरून बिघाड कुठे आहे ते जाणकाराला ओळखता येते आणि मला नेमके तेच लपवून गंडवण्यात आले, म्हणून आधी ते सांगतो.

अशा जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून निघालेली केबल डॅशबोर्डमागून मीटरला जोडलेली असते. तीच काटा हलवते आणि लहान दातेरी चाकांमार्फत आकडेही फिरवते. काटा आणि आकडे दोन्ही बंद पडले, तर केबल तुटलेली असण्याचा संभव असतो. काटा चालू राहून आकडेच थांबले असतील, तर केबल शाबूत असून दोष मीटरच्या आत, बहुधा एखाद्या प्लॅस्टिकच्या चाकात असतो.

तालुक्याच्या ठिकाणच्या मिस्त्रीने मीटर उघडूनही पाहिले नाही. “गुरुजी, पुरं मीटरच गेलं जी, बदलूनच टाका लागते,” असे सांगून त्याने साडेतीन हजार रुपयांत ‘नवीन’ मीटर बसवून दिले. पावती मागितली, तेव्हा हसून विषय टाळला. त्या मीटरवर ४१ हजारांच्या घरातला आकडा होता. नव्या वस्तूवर आधीच किलोमीटर कसे, या प्रश्नावर “कंपनीतून टेस्टिंग होऊन येते” असे उत्तर मिळाले. चाचणीसाठी कोणी ४१ हजार किलोमीटर गाडी पळवत नाही, हे वेगळे सांगायला नको.

खरा उलगडा गाडी विकायला काढल्यावर झाला. पांढरकवड्याहून आलेल्या गिऱ्हाइकाने सर्व्हिसची जुनी बिले पाहिली. त्यांवरचा आकडा मीटरपेक्षा कितीतरी जास्त होता, आणि फसवला गेलेला मी त्यांच्या नजरेत फसवणारा ठरलो. नंतर राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जाम चौरस्त्यापासून किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिले, तर दहा किलोमीटरला मीटर अकराच्या वर दाखवत होते. भंगारातल्या दुसऱ्याच मॉडेलचे मीटर बसवले होते. केबलच्या किती फेऱ्यांना एक किलोमीटर धरायचा, हे प्रमाण सगळ्या गाड्यांत एकच असेल असे नाही. बारकाईने पाहिल्यावर त्याच्या स्क्रूच्या खाचा ताज्या खरवडलेल्या दिसल्या आणि आकड्यांतला ‘४’ ओळीपासून किंचित वर चढलेला होता.

बरीच वादावादी केल्यानंतर मिस्त्रीने आमचे मूळ मीटर पोत्यातून काढून दिले. पुतण्याने ते घरीच उघडले. आतले पांढरे चाक तडकून दांडीवर सैल झाले होते, त्यामुळे दांडी फिरे आणि चाक जागच्या जागी राही. त्याने दांडी पॉलिशपेपरने थोडी खरखरीत केली आणि काडीच्या टोकावर घेतलेल्या अराल्डाइटच्या थेंबाने चाक पक्के केले. झटपट चिकटणारा गोंद त्याने मुद्दाम टाळला, कारण त्याच्या वाफेने काचेवर पांढुरकी झाक येते. हे काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी, काटा ओढून काढण्याच्या फंदात पडू नये आणि आकड्यांना हात लावू नये. मीटर बंद असतानाचे अंतर आम्ही अंदाजाने तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवले. ऑइल आणि टायमिंग बेल्ट बदलण्याचा हिशेब त्यावरच चालतो.

मीटर दुरुस्तीला देताना आकड्याचा फोटो काढावा, जुना सुटा भाग परत मागावा आणि पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अशी दुरुस्ती ही सेवा ठरते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. माझ्याकडे पावती नाही; मात्र मीटरचे पैसे मी फोनवरून पाठवले होते, त्यामुळे बँकेची नोंद आहे, आणि ते ‘नवीन’ मीटरही मी जपून ठेवले आहे. तक्रारीसोबत ही दोन्ही जोडणार आहे.