मंगल कार्यालयासाठी 24 फुटी पंखा: घ्या, पण मे महिन्याच्या दुपारी एकट्यावर भरोसा नका ठेवू

आमचं कार्यालय दारव्हा रोडला, टिनाचं शेड, मधात खांब नाही. आधी भिंतीले लाईनीनं फर्राटे (जोरात फिरणारे छोटे पंखे) लावले होते, त्यांचा आवाज एवढा की माईकवर मंगलाष्टकं चालू असली तरी मागच्या खुर्च्यांवर नीट ऐकू येत नव्हतं, आणि पंगतीत पत्रावळी उडत ते वेगळंच. म्हणून मधोमध हा 24 फुटी एचव्हीएलएस, म्हणजे हळू फिरून खूप हवा ढकलणारा मोठा पंखा टांगला.

पंखा मस्त आहे. मिनिटाले पन्नास-साठ चकरा, आवाज नाहीच म्हणा, हवा सरळ खाली उतरते आणि जमिनीवरून चारी बाजूले पसरत जाते. मोटर 2 एचपीची, म्हणजे फुल स्पीडवर 1.5 किलोवॅट, पण स्पीड अर्धा केला की वीज जवळपास आठव्या हिश्शावर येते, म्हणून संध्याकाळच्या रिसेप्शनले आम्ही हळूच ठेवतो अन् कोणी तक्रार करत नाही. श्रावणातल्या चिकट गरमीत तर कूलर काही कामाचा नसतो, तिथं हाच खरा.

आता मे महिन्यातल्या दुपारच्या लग्नाचं. विकणारा म्हणे कूलर काढून टाका. काहून काढायचे भाऊ? पंखा हवा थंड करत नाही, फक्त घाम वाळवते. अंगाच्या कातडीचं तापमान 35 डिग्रीच्या आसपास, अन् आपल्याकडे पारा 45 ले टेकला की पंखा तीच भट्टीतली हवा अंगावर टाकते. वरून टिन तापलेलं, वरची गरम हवा खाली येते ती निराळी. आम्ही छताले पांढरा कूल रूफ पेंट मारला, खिडक्यांत हनीकॉम्ब पॅडचे कूलर ठेवले आणि समोरच्या भिंतीले वर एक्झॉस्ट बसवले, तेव्हा कुठं पाहुणे जेवून थांबायले लागले. एक्झॉस्ट नसला तर कूलरची ओल आतच कोंडते अन् नवरदेवाचा फेटा ओला होते, मंग मोठा पंखा ती दमट हवाच घुसळत बसते.

बसवताना लाईट पात्यांच्या वर राहू देऊ नका. आमचे राह्यले होते, सावली सारखी फिरे, फोटोग्राफर वैतागला. सेफ्टी वायर रोप (पंखा सुटला तर धरून ठेवणारा तारेचा दोर) लावलेला स्वतःच्या डोळ्यानं पाहून घ्या. पाती जमिनीपासून 10 फुटाच्या वरच पाह्यजे आणि छतापासूनही मोकळी, नाहीतर वरून हवा ओढता येत नाही. हॉल बुटका असला तर साधे बीएलडीसी (कमी वीज खाणारे छताचे पंखे) जास्त लावा, पैसे वाचतील.

जिनिंगवाल्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावाल्या) मित्रानं असा पंखा लावू का म्हणून विचारलं होतं, त्याले म्हटलं, रुईचं फुसं उडते तिथं आधी धूळ ओढायची सोय कर अन् मोटर पूर्ण बंद बॉडीची घे, आगीचं काम आहे.

सर्व्हिस मात्र भंगार. गावात व्होल्टेज पडलं की व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा डबा) ट्रिप होते, फोन केला तर "माणूस पाठवतो" म्हणतात, अन् माणूस येते लग्न लागून गेल्यावर. पंख्याले चार स्टार, कंपनीले दोन.