पार्ल्यात १४ महिने रीफ टँक: उन्हाळा, पावसाळा आणि क्लबची माणसं

गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे समुद्रातले मासे आणि प्रवाळं (कोरल) ठेवायच्या टँकमध्ये, पहिल्यांदा खारं पाणी भरलं. आता मार्च संपत आलाय. एक अख्खा उन्हाळा, अख्खा पावसाळा, गणपतीतली गैरहजेरी आणि ऑक्टोबरचा उकाडा एवढं सगळं या टँकने पाहिलं, म्हणून आता लिहिते. दोन-तीन महिन्यांत लिहिलं असतं तर ते नुसतं कौतुक झालं असतं.

टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाली स्टँडमध्ये सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, त्यात फेसाबरोबर घाण काढणारा स्किमर आणि पाणी वर परत पाठवणारा रिटर्न पंप. एकूण साधारण २०० लिटर पाणी फिरतं. पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड मिळून वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं. आमची इमारत ४० वर्षांची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. रीफ टँक ठेवणाऱ्यांच्या आमच्या क्लबमधले एक जण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. त्यांनी घरी येऊन पाहिलं आणि मी ठरवलेली खिडकीजवळची जागा रद्द करून टँक बीमला धरून भिंतीलगत ठेवायला लावला. खिडकीची जागा तशीही चुकीची होती, दुपारचं ऊन थेट पाण्यावर आलं असतं.

क्लब म्हणजे तिसेक माणसं. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. मीठ एकत्र मागवतो, आणि फॉस्फेट मोजायचं चांगलं यंत्र एकच आहे, ते घरोघर फिरतं. माझ्याकडे पहिल्यांदा आले ते गोरेगावचे काका. खिशातून ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावण काढून त्यांनी आधी माझा नवा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं यंत्र, तपासला. तो ३ अंक कमी दाखवत होता. म्हणजे मी ३५ समजून पाण्याची क्षारता ३८ ठेवत होते. मासे विकत घ्यायच्या आधी हे कळलं, यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

पाण्याबद्दल. जुहूचा समुद्र घरापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर, मग तिथलंच पाणी का नको, असं आमच्या आईंनी (सासूबाईंनी) पहिल्याच दिवशी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण शहराचं सांडपाणी याच किनाऱ्याला मिळतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या गोड्या पाण्याने किनाऱ्यालगतची क्षारताच घसरते. म्हणून नळाचं पाणी आरओ-डीआय नावाच्या गाळण्यांमधून काढून त्यात मीठ मिसळायचं, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. तलावांचं पाणी असल्यामुळे आपला नळ मुळात मऊ आहे, माझ्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ७०-८० येतो. पण त्यात क्लोरीनही असतं. पाणी गाळून टीडीएस शून्यावर आल्याशिवाय मी थेंबही वापरत नाही. जुलैत पाणी गढूळ येतं तेव्हा पहिली गाळणी निम्म्या वेळात तपकिरी होते. तेवढी एक जास्तीची आणून ठेवा.

आता दगडांचं, कारण इथे बरेच जण नकळत कायदा मोडतात. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं आली. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन, समुद्रघोडे हेही आले. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत. तरी दुकानांत रंगीत कठीण प्रवाळाचे तुकडे हळूच दाखवले जातात, मलाही दाखवले गेले. वाळलेला प्रवाळाचा सांगाडाही त्याच कायद्यात येतो, म्हणून माझे दगड कारखान्यात बनवलेले आहेत. क्लबचा नियम सरळ आहे, कठीण प्रवाळ असलेल्या टँकवर बैठक होत नाही. माझ्याकडे झोआ, मशरूम आणि लेदर अशी सॉफ्ट कोरल्स (मऊ प्रवाळं) आहेत. निळ्या प्रकाशात झोआचे हिरवे-केशरी चट्टे पाहिले की काही कमी आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही. शिवाय कठीण प्रवाळाला सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची पाण्याची क्षमता) सतत पुरवावी लागते. सॉफ्ट कोरलचं आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी भागतं. माझी अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (ती मोजायचं एकक) यांच्या मध्ये राहते, वरून काहीही न घालता.

दगड कोरे असल्यामुळे सायकलिंगला मात्र वेळ लागला. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वसायला मला सात आठवडे लागले. मग वाळूवर डायटमचा तपकिरी थर आला, मग हिरवं शेवाळ. त्या दिवसांत घरात येणारा प्रत्येक जण "हे असंच दिसतं का?" असं विचारायचा. काकांनी फोनवर एवढंच सांगितलं, गोगलगायी सोड आणि हात घालू नकोस. एप्रिलच्या मध्यापर्यंत काच स्वच्छ झाली.

आणि नेमका तेव्हाच उन्हाळा तापला. मुंबईत रीफ टँक ठेवण्याबद्दल मला खरं सांगायचंय ते इथे आहे.

खोलीत ३३ अंश आणि वर पंप-दिव्यांची ऊब, पाणी साडेएकतीसवर गेलं. सॉफ्ट कोरलच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की कोरल तेच बाहेर टाकतं आणि पांढरं पडायला लागतं. मी पाण्यावर दोन छोटे पंखे लावले. रोज चार-पाच लिटर पाणी उडून जायचं आणि तापमान साडेअठ्ठावीसपर्यंत उतरायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. मे महिना असा निघाला आणि मला वाटलं, जिंकलो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, खोली तिशीवर आली, आणि पाणी पुन्हा तीसच्या वर चढलं. मला काही कळेना. बाहेर गार, आत गरम? क्लबमधल्या ठाण्याच्या मुलाने विचारलं, "ताई, आता रोज पाणी किती उडतं?" मी मोजलं, तर जेमतेम लिटरभर. पंखा गारवा देतो तो पाणी उडवून. हवेत आर्द्रता ९० टक्के असेल तर पाणी उडणार कुठे? लेदर चार दिवस मिटून बसलं होतं. त्या आठवड्यात मी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घेतला, १/१० एचपीचा. म्हणजे या शहरात चिलरची खरी गरज मे महिन्यात नाही, जून ते ऑक्टोबरमध्ये लागते. हे मला कुठल्याही परदेशी व्हिडिओत ऐकायला मिळालं नव्हतं.

चिलर आधी स्टँडच्या कपाटात ठेवला. तो स्वतःचीच गरम हवा ओढत अखंड चालत राहिला. मग बाल्कनीत छपराखाली ठेवून पाइप खिडकीतून आत घेतले, पाइपांना फोमचं वेष्टन घातलं. आता साडेसव्वीसवर लावलाय आणि दुपारीही मधूनमधून थांबतो. विजेचं बिल पावसाळ्यात महिन्याला दीड हजाराने वाढलं. मीठ, गाळण्या, खाणं धरून महिन्याचा खर्च चार हजारांच्या आसपास, आणि उभारणीला चिलरसकट दीड लाख. हे आकडे घरात आधी बोलून घ्या.

गणपतीला आम्ही गुहागरला जातो, सात दिवस. त्याआधी क्लबच्या सल्ल्याने एक गोष्ट केली. बाष्पीभवनाची भर आपोआप घालणाऱ्या पंपाचं पाणी मोठ्या पिंपातून काढून दहा लिटरच्या डब्यात आणलं. पाण्याची पातळी ओळखणाऱ्या फ्लोटवर मीठ साचून तो अडकला तर पंप डबा रिकामा होईपर्यंत चालतो. नेमकं तसंच झालं. दहा लिटर गोडं पाणी एकदम गेलं, क्षारता ३५ वरून ३३ च्या थोडी वर येऊन थांबली, सगळे जगले. पिंप असतं तर गावाहून परत येऊन काय पाहिलं असतं याचा विचारही नको वाटतो.

त्याच आठवड्यात एका रात्री आमच्या भागात पाच तास वीज गेली. अंधेरीच्या वहिनींकडे घराची किल्ली होती. त्या रात्री अकराला रिक्षाने आल्या आणि बॅटरीवरचे दोन एअर पंप लावून बसल्या. वीज गेल्यावर पहिला घात उष्णता करत नाही, प्राणवायू संपतो. खाऱ्या पाण्यात तो आधीच कमी मावतो, आणि पाणी कोमट झालं की आणखी कमी. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या मुंबईची वीज गेली होती, त्या दिवशी जुन्या सदस्यांपैकी काहींनी मासे गमावले. तेव्हापासून बॅटरीचा पंप नसेल तर क्लब तुम्हाला मासे घेऊच देत नाही. मला सुरुवातीला ही सक्ती खुपली होती.

माझ्या हातून झालेली खरी चूक नोव्हेंबरची. एका दुकानात कोरल ब्युटी नावाचा मासा पाहिला आणि वेगळा न ठेवता थेट टँकमध्ये सोडला. दुकानदाराने "तीन आठवड्यांचा आहे, खातोय" असं सांगितलं होतं. चौथ्या दिवशी त्याच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, सहाव्या दिवशी माझ्या क्लाउन माशांवरही. हा परजीवीचा रोग. यावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच औषध कोळंबी, गोगलगाय आणि कोरल मारतं, म्हणून मुख्य टँकमध्ये घालताच येत नाही. सगळे मासे साठ लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये काढले आणि मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवला, म्हणजे परजीवीला राहायला यजमान उरत नाही. कोरल ब्युटी वाचला नाही. दोन्ही क्लाउन आणि फायरफिश मासे वाचले. ते अडीच महिने रोज सकाळी ऑफिसच्या आधी दुसऱ्या टँकचं पाणी बदलताना हात अवघडायचे. आता प्रत्येक नवा मासा किमान सहा आठवडे वेगळा राहतो, कुणी काहीही सांगो.

क्लाउन दोन्ही बंदिस्त पैदाशीचे घेतले होते. ते समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा लवकर रुळतात आणि तयार खाणं खातात. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनची हॅचरी उभी राहिली आहे, त्याचा मला मनापासून आनंद आहे. क्लाउन सगळे नर म्हणून जन्मतात. जोडीतला दांडगा मादी होतो. माझ्याकडे हा बदल सप्टेंबरपासून दिसायला लागला. एक दुसऱ्याच्या दीडपट झाली आणि धाकटा तिच्यापुढे अंग थरथरवून नमतं घेतो. अ‍ॅनिमोन (क्लाउन ज्याच्या आसऱ्याला राहतात तो समुद्रफुलासारखा प्राणी) नसला तरी त्यांचं अडत नाही, लेदरच्या झुलत्या बोटांत झोपतात. रात्री दिवे मावळले की आई पाच मिनिटं त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसतात. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, तिथे त्या लहानपणी वडिलांचा हात धरून गेल्या होत्या, त्याच्या आठवणी सांगतात.

एक गोष्ट मला या टँकमुळेच कळली. झोआ मुंबईच्या खडकांवरही आहेत. ओहोटीला हाजी अली, वरळी, कार्टर रोडच्या खडकांवर त्यांचे गालिचे दिसतात. तिथे कठीण प्रवाळही आहे. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या काही वसाहती काढून दुसरीकडे हलवण्यात आल्या. मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाच्या किनारा फेरीला आम्ही काही जण गेलो होतो. काहीही उचलायचं नाही, दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा. घरी हे प्राणी सांभाळायला किती कष्ट पडतात हे माहीत असल्यामुळे तिथे त्यांना उघड्यावर, ४० मिनिटं कोरडं राहूनही तग धरताना बघून मी बराच वेळ एकाच खडकाशी उभी होते.

माझ्या झोआंचा पहिला तुकडा काकांनी फुकट दिला होता, सहा तोंडांचा. आज मोजली तर तोंडं ७० च्या वर आहेत. क्लबची पद्धत अशी, की मिळालेला पहिला तुकडा वाढला की त्यातून तीन नव्या सदस्यांना द्यायचे. काल तीन तुकडे काढले. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण झोआत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. असा दगड कधीही उकळू नका, आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी टँकला शिवू नका. दोन तुकडे विलेपार्ल्यातच राहतील. तिसरा रविवारी सकाळच्या लोकलने कल्याणला जाणार आहे, आइसबॉक्समध्ये, बर्फाशिवाय, डबा सांडू नये म्हणून मांडीवर धरून. तिथल्या मुलीला सांगून ठेवलंय, पहिला आठवडा तळाशी ठेव, दिवे निम्मे कर, आणि मिटलेले दिसले तरी तीन दिवस हलवू नकोस.