रोल्ड, स्टील कट की मसाला : नागपूरच्या घरात ओट्स महिनोन्‌महिने खाल्ल्यावर

दिवाळीचा फराळ संपला आणि आमच्याकडे नाश्त्याला ओट्स सुरू झाले. आता पावसाळा लागलाय. एवढ्या महिन्यांत थंडी झाली, मृग बहाराची संत्री येऊन गेली, मे महिन्याचं ऊन झालं आणि ओट्स अजून डब्यात आहेत, म्हणून आता लिहायला हरकत नाही. यजमानांच्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलेलं निघालं होतं. सासूबाईंना मधुमेह आहे. आणि दोघांनाही सकाळी गरम, तिखट-मिठाचंच लागतं. दूध, साखर, केळं घालून केलेली वाटी या घरात कुणी संपवली नसती.

ओट्स खावेत असंच मी सांगेन. पण दुकानात त्या नावाने जे जे मिळतं ते सगळं सारखं नाही. कोणता प्रकार आणता आणि त्यात काय घालता, यावरच सगळं अवलंबून आहे.

अख्ख्या दाण्याचे दोन-तीन तुकडे केले की ते स्टील कट. दिसायला जाडसर दलियासारखे, शिजायला अर्धा तास. दाणा वाफवून रुळाखाली चपटा केला की रोल्ड, ते पाच-सात मिनिटांत होतात. त्याहून पातळ आणि बारीक केलेले क्विक, आणि गरम पाणी ओतलं की तयार ते इन्स्टंट. दाणा जितका मोडलेला, तितका तो लवकर पचतो आणि रक्तातली साखर तितकी भराभर चढते. रोल्ड आणि स्टील कटचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे साखर किती भराभर चढते त्याचा आकडा, साधारण ५५ च्या आसपास धरतात, इन्स्टंटचा ७५ च्या वर जातो. सासूबाईंसाठी स्टील कट आणि बाकीच्यांसाठी रोल्ड हे त्यावरूनच ठरलं. घरच्या यंत्रावर नाश्त्यानंतर दोन तासांनी त्यांची साखर पाहतो. स्टील कटच्या दिवशी ती इतर नाश्त्यांपेक्षा आटोक्यात दिसते.

पाकिटाची पुढची बाजू वाचूच नका. मागे घटकांची यादी असते आणि ज्याचं वजन जास्त ते आधी लिहिलेलं असतं. साध्या ओट्सच्या यादीत एकच शब्द हवा. मसाला ओट्समध्ये मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड), चव वाढवणारे पदार्थ अशी रांग लागते. सोडियमचा मिलिग्रॅममधला आकडा अडीचने गुणला की मीठ किती ते कळतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. रक्तदाब असलेल्या माणसाने मसाला पाकीट उचलण्याआधी हा गुणाकार करावाच. मला तर त्या पाकिटाची गरजच कळत नाही. फोडणीला मोहरी, हिंग आणि गोडलिंब (कढीपत्ता) ज्या घरात रोज असतो, तिथे विकतचा मसाला कशाला?

कोलेस्टेरॉलचं गणितही समजून घ्या, कारण त्याच कारणाने बहुतेक लोक ओट्सकडे वळतात. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. आतड्यात त्याचा चिकट गर होतो आणि तो पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन आणि एकूणच संपृक्त स्निग्ध आणि कोलेस्टेरॉल कमी असलेला आहार या हिशोबाने. ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये ते दीड ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे सकाळच्या एका वाटीने निम्मंच काम होतं. यजमानांचं एलडीएल पुढच्या तपासणीत खाली आलं, पण त्याच काळात त्यांचं अंबाझरी तलावावर फिरणं सुरू झालं आणि घरातलं तळण कमी झालं. सगळं श्रेय मी ओट्सना देणार नाही. डॉक्टरांची गोळी तर आपल्या मनाने मुळीच थांबवू नये.

आता करायचं कसं. आमच्याकडे सगळ्यात जास्त होतो तो उपमा. रोल्ड ओट्स मध्यम आचेवर कोरडेच भाजायचे, खमंग वास येईपर्यंत, चार-पाच मिनिटं. हे टाळलं की उपम्याचा लगदा होतो. तेलात मोहरी, जिरं, हिंग, गोडलिंब, हिरवी मिरची, मग कांदा, मटार, गाजर आणि मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे). हळद घालून एक वाटी ओट्सला एक ते सव्वा वाटी पाणी. पाण्यातच मीठ आणि लिंबू, चव किंचित जास्त वाटली पाहिजे. पाणी खळखळलं की ओट्स घालून एकदाच हलवा, झाकण ठेवा, दोन-तीन मिनिटांत गॅस बंद. सराट्याने (उलथन्याने) पुन्हा पुन्हा ढवळलं की तोच बीटा-ग्लुकन सुटून चिकटा येतो. वरून सांभार (कोथिंबीर) आणि लगेच वाढा. डब्यासाठी हा उपमा उपयोगाचा नाही, दुपारपर्यंत त्याचा गोळा होतो. डब्याला धिरडी द्यावीत : ओट्स मिक्सरमधून काढून त्यात बेसन, थोडा रवा, ताक, किसलेली दुधी, आलं-मिरची. पीठ पंधरा मिनिटं मुरू द्या, कारण ते पाणी पीत राहतं आणि नंतर पुन्हा सैल करावं लागतं. मुलीच्या डब्यातून ती कधी परत आली नाहीत.

स्टील कटची खिचडी मात्र माझी सगळ्यात आवडती. अर्धी वाटी ओट्स रात्री भिजत घालायचे, सकाळी पाव वाटी मुगाची डाळ, तीन वाट्या पाणी, पालक, लसूण-जिऱ्याची फोडणी. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि आच मंद ठेवा, कारण ओट्सचा फेस शिट्टीतून वर येतो आणि ओटा भरतो. तीन शिट्ट्या पुरतात. बाजूला जवसाची चटणी. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘‘सूनबाई, हे चावायला लागतं, बरं आहे. ते पातळ नको मला.’’ तेव्हापासून त्यांचं तेच ठरलं. डाळ हवीच, नुसत्या ४० ग्रॅम ओट्समधून पाचेक ग्रॅमच प्रथिनं मिळतात आणि अकरा वाजता पुन्हा भूक लागते. ज्यांना अंडं चालतं त्यांनी सोबत एक उकडलेलं घ्यावं.

मे महिन्यात आमच्याकडे सकाळी आठलाच गरम खायची इच्छा मरते. तेव्हा दही-ओट्स. रोल्ड ओट्स पाण्यात वीस मिनिटं भिजवून, पाणी निथळून, गार दही, मीठ, किसलेली काकडी आणि वर मोहरी-गोडलिंबाची फोडणी. कारखान्यात ओट्स आधीच वाफवलेले असतात, त्यामुळे वेगळे शिजवायची गरज नसते. रात्रभर ठेवायचे असतील तर फ्रीजमध्येच ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं दही सकाळपर्यंत आंबून जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच दह्यात फोडणीऐवजी संत्र्याच्या सोललेल्या फोडी घातल्या होत्या. मुलीने साखर मागितली नाही. दुधात मात्र संत्रं घालू नका, दूध फाटतं.

सुरुवात थोड्यापासून करा. एकदम मोठी वाटी खाल्ली की पोट फुगतं, आणि पाणी कमी पडलं तर उलट बद्धकोष्ठ होतं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती रिकाम्या पोटी घेऊन निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, मगच नाश्ता. सीलिअ‍ॅकचा त्रास, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असलेल्यांनी ग्लुटेन-मुक्त असं छापलेलंच पाकीट डॉक्टरांना विचारून घ्यावं, कारण साध्या ओट्समध्ये शेतात आणि गिरणीत गव्हाचे दाणे मिसळतात.

ज्वारी सोडून ओट्सकडे जा, असं मी कुणालाही म्हणणार नाही. ज्वारीत बीटा-ग्लुकन फारसं नसतं हे खरं, पण आपल्या विदर्भाचं ते धान्य स्वस्त आहे आणि पोटाला धरून राहतं. आमच्याकडे आठवड्यात तीन-चार दिवस ओट्स, बाकी दिवस ज्वारीची आंबील नाहीतर उसळ. रविवारी तर्री पोहे. ते बंद करायचं कुणी सुचवलंही नाही आणि त्याची गरजही नाही. पैशाचं पाहिलं तर रोल्ड ओट्स पोह्यांपेक्षा महाग आणि स्टील कट त्याहून महाग, पण एका माणसाला ४० ग्रॅम पुरतात.

इतवारी बाजारातून वर्षाचं सामान भरायची सवय असेल तर ओट्स त्यात धरू नका. गहू-तांदळापेक्षा यात तेल बरंच जास्त असतं, उन्हाळ्यात ते खवट होतं. सुटे घेऊ नका, त्यावर तारीख नसते. अर्धा किंवा एक किलोचं पाकीट आणा, फोडलं की हवाबंद डब्यात काढा, एप्रिलपासून डबा फ्रीजमध्ये ठेवा. पावसाळ्यात ओला चमचा आत गेला की बुरशी आणि सोंडे दोन्ही येतात. नवं पाकीट फोडताना आधी वास घ्या. कडवट, जुन्या तेलासारखा आला तर भाजूनही तो जात नाही, दुकानदाराला परत करा.