हिवाळी माळरान: उपग्रहातून पाहावं की काठीनं मोजावं?
माळरानावरचे पक्षी घटताहेत. हिवाळ्यात त्यांच्यासाठी आडोसा किती उरलाय, हे दरवर्षी पाहायलाच हवं.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, लँडसॅट या दुसऱ्या उपग्रहमालिकेच्या चित्रांचा साठा तर १९७२ पासूनचा. कुठला माळ नांगरला, कुठला जळला, हे त्यात चटकन दिसतं. पण हिवाळ्यात गवत वाळतं आणि हिरवेपणाचा निर्देशांक (चित्रावरून हिरवळ किती ते सांगणारा आकडा) तिथेच फसतो. वाळलेलं गवत आणि उघडी माती त्याला जवळपास सारखीच. शिवाय सेंटिनेलच्या चित्रातला बारीकात बारीक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटरचा चौकोन, त्याच्या आतलं वेगळं दिसत नाही. तेवढ्यात चंडोलाचा अख्खा संसार मावतो: गवताचा झुबका, खाली सांडलेलं बी, पळायला मोकळी जागा.

काठीचं काम संथ. पट्टे रंगवलेली काठी गवतात उभी करायची, ४ मीटरवर बसून, डोळे जमिनीपासून १ मीटरवर ठेवून, किती पट्टे झाकले ते वाचायचं. चारही दिशांनी. दवानं गुडघे भिजतात. तरी लपायला जागा किती, हे तोच आकडा सांगतो. (बी मात्र वाकून, माती चाळूनच कळतं.)

पैसा-माणसं कमी असतील तर मी काठीच निवडेन. फक्त दरवर्षी त्याच खुणांवर, त्याच पंधरवड्यात.